सर्वांच्या मागून

पवित्र शास्त्रात डोंगर पुष्कळ आहेत. अब्राहामाचा मोरिया, मोशेचा सीनाय, एलियाचा होरेब, प्रभूच्या रूपांतराचा डोंगर, जैतुनाचा डोंगर आणि अखेरीस कालवारीची टेकडी. गोरेगावच्या सेमिनरीत आम्हांला बायबल शिकविणारे धर्मगुरू म्हणत असत, "देवाला भेटायचे तर चढण चुकत नाही." हे वाक्य मी वहीत टिपून घेतले आणि पुढे पंचवीस वर्षे ते प्रवचनांतून वापरले. प्रत्यक्षात मी वसईच्या सखल पट्टीत, केळीच्या वाड्या आणि बावखले यांच्यामध्ये वाढलेला माणूस. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर रोज नजरेस पडे; पण डोंगर पाहण्यासाठी असतो, चढण्यासाठी नव्हे, अशीच आमची समजूत. चर्चच्या घंटाघराचा जिना ही माझ्या गिर्यारोहणाची परिसीमा होती.

अशा माणसाने वयाच्या पन्नासाव्या वर्षी, २५ जानेवारी २०१७ च्या रात्री, विजेरीच्या उजेडात माहुलीचा गड चढावा, याला काय म्हणावे? मी त्या वेळी ज्या धर्मग्रामात होतो, तेथील युवक संघटनेचा हा बेत. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. रात्री चढायचे, गडावर मुक्काम करायचा आणि सकाळी उतरायचे. बहुतेक सारेच नवखे होते. मी नकार देणार हे ओळखून मुलांनी तयारी करूनच माझी गाठ घेतली होती. एकाने पोप अकरावे पायस यांचा दाखला दिला : पोप होण्यापूर्वी, धर्मगुरू असताना, १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा पर्वताचे सर्वोच्च शिखर सर केले होते. दुसरीने पिएर जॉर्जिओ फ्रासाती यांचे नाव घेतले. तुरिन शहराचा हा तरुण डोंगर चढता चढता मित्रांना प्रार्थनेची गोडी लावी. अवघ्या चोविसाव्या वर्षी, १९२५ साली तो वारला. त्या वेळी तो 'धन्य' होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. एक पोप आणि एक धन्य अशा दोघांच्या विरोधात मी कितीसा टिकणार? मी होकार दिला.

मात्र निघण्याच्या दिवशी वसई रोड स्थानकावर मला जो चेहरा दिसला, त्याने माझा उत्साह मावळला. फलाटावर सामानाची मोजदाद करीत एक तरुण उभा होता. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. आमच्यांपैकी डोंगरांचा खरा अनुभव असा त्या एकट्यालाच. कचेरीतील मित्रांबरोबर तो सह्याद्रीत हिंडत असे. म्हणून मुलांनी त्याला गळ घालून आणले होते आणि मला सांगण्याचे टाळले होते. टाळण्यास कारण होते.

हा तरुण रविवारी मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेत असे. २०१५ च्या पावसाळ्यात तो लागोपाठ तीन रविवार आला नाही, निरोपही धाडला नाही. पुढील बैठकीत मी त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. तो गप्प राहिला. त्याचे मौन मला उद्धट वाटले आणि मी म्हणालो, "ज्यांना जमत नसेल त्यांनी बाजूला व्हावे. धर्मग्राम कोणासाठी थांबत नाही." त्याने वर्गाचे हजेरीपत्रक माझ्या मेजावर ठेवले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आमच्या चर्चमध्ये मिस्साला दिसला नाही. त्याला दीड वर्ष लोटले होते. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जाताना मी त्याच्या घरावरून जात असे. दार उघडे असे. मी कधी आत गेलो नाही.

दिव्याची गाडी आली. तो मला म्हणाला, "या फादर," आणि त्याने खिडकीजवळची जागा दिली. कामण, खारबाव, भिवंडी ही स्थानके मागे पडली. दिवा, कल्याण अशा गाड्या बदलत आम्ही आसनगावला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पश्चिमेला शुक्र ठळक चमकत होता. रिक्षांनी पायथ्याच्या माहुली गावात पोहोचेपर्यंत काळोख दाटला. समोर डोंगर होता. पण तो दिसत नव्हता. जेथे तारे नव्हते तेथे तो असावा, एवढाच अंदाज.

गावातील एका घरी तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा असे जेवण झाले. मग अंगणात त्या तरुणाने प्रत्येकाची पिशवी तपासली. माझ्या पिशवीतून निघालेल्या वस्तूंची यादी देण्यास मला आजही संकोच वाटतो : मिस्साचे साहित्य, प्रार्थनेचा ग्रंथ, जाडजूड बायबल, उशी, थर्मास, दोन टॉवेल आणि जानेवारी महिन्यात छत्री! मुले हसली. तो हसला नाही. उशी, छत्री आणि थर्मास त्याने यजमानांच्या घरी ठेवविले, बायबल आपल्या पिशवीत घातले आणि मोकळ्या झालेल्या जागेत पाण्याच्या दोन बाटल्या बसविल्या. माझ्या आईने शिकविल्याप्रमाणे मी नेलेली सुकेळी तेवढी त्याने राहू दिली. "ही वर उपयोगी पडतील," तो म्हणाला.

नंतर त्याने नियम सांगितले. विजेरी पायांवर धरायची, पुढच्याच्या डोळ्यांवर नाही. पाणी घोट घोट प्यायचे. पाच मिनिटांहून अधिक बसायचे नाही. पाय थंड पडले की उठवत नाही. प्रत्येकाला एक क्रमांक दिला. दर अर्ध्या तासाने पुढून आवाज निघेल : एक, दोन, तीन... आणि ओळीने प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. एक जरी आकडा आला नाही, तरी सर्वांनी आहे तेथे उभे राहायचे. "सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळे चालतील," तो म्हणाला. "आणि शेवटचा माणूस मी. माझ्या मागे कोणी राहणार नाही."

सर्वांच्या पुढे गावचा आदिवासी वाटाड्या होता. पायांत रबरी चपला, हातात कोयता. आम्ही एकूण बावीस जण. मला एकविसावा क्रमांक मिळाला. त्याचा बाविसावा. थोडक्यात, रात्रभर माझ्या पाठीमागे तोच चालणार होता.

धर्मगुरूला पुढे चालण्याची सवय असते. वर्गात तो पुढे, सभेत तो पुढे, छायाचित्रातही मधोमध पुढे. त्या रात्री पहिल्या अर्ध्या तासातच मला माझी जागा कळली. गाव संपले, सुक्या ओढ्याचे गोटे संपले आणि रान सुरू झाले. साग, ऐन, कुडा ही नावे मला दुसऱ्या दिवशी उजेडात कळली; रात्री होती ती केवळ खोडे आणि पायांखाली चुरचुरणारी सागाची वाळलेली पाने. अमावास्येला दोनच दिवस उरले होते, चंद्र नव्हता. विजेरीच्या उजेडात दोन पावलांपुरती वाट दिसे. पुढे झाडांतून वर वर चढत जाणारे ठिपके दिसत, ते आमचेच सोबती. रातकिड्यांचा आवाज अखंड चालू होता. मध्येच एखादा रातवा ओरडे.

चढ सरळ अंगावर येऊ लागला. दुपारी गाडीत मी मुलांना माहुलीचा इतिहास मोठ्या हौसेने सांगितला होता : १६३६ साली मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा पडला असता शहाजीराजांना हा गड सोडावा लागला, पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तो मोगलांना दिला आणि १६७० साली मराठ्यांनी परत घेतला. हे सांगताना शे-दोनशे वर्षे मी एका दमात ओलांडीत होतो. आता दहा पावले एका दमात होईनात. छातीचे ठोके कानांत ऐकू येत होते. थंडीतही सदरा भिजून पाठीला चिकटला होता. मांड्या थरथरत होत्या. माझे आणि विसाव्या क्रमांकाच्या मुलीचे अंतर वाढत चालले. मागील पावले मात्र जेवढ्यास तेवढीच होती. मी थांबलो की ती थांबत, मी निघालो की ती निघत. घाईचा एक शब्द नाही. त्या पावलांचा मला प्रथम राग आला, मग लाज वाटली आणि शेवटी आधार वाटू लागला.

साडेदहाच्या सुमारास पुढून मोजणी निघाली. आकडे काळोखातून खाली उतरत येत होते. "अठरा." "एकोणीस." "वीस." माझी पाळी आली. मी एका दगडाला टेकून उभा होतो. तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. एकवीस हा शब्द उच्चारण्याइतकाही श्वास माझ्यापाशी नव्हता.

वरचे सगळे ठिपके जागच्या जागी थांबले. पावलांचा आवाज बंद झाला. वीस माणसे आणि तो वाटाड्या अशी सगळी रांग त्या उभ्या चढावर, थंडीत, माझ्यासाठी थांबली.

तेव्हा माझ्या मागून आवाज गेला, "एकवीस आहेत. जरा बसलेत. बावीस!"

'धर्मग्राम कोणासाठी थांबत नाही.' ज्याला मी हे ऐकविले होते, त्यानेच माझा आकडा सांगितला होता.

त्याने मला बसविले, माझी पिशवी काढून स्वतःच्या छातीवर अडकविली आणि पाणी दिले. वाटाड्या खाली उतरून आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "धीरानं घ्या बाबा. डोंगर कुठं पळून जात नाही." मग तो पुन्हा वर गेला. आम्ही दोघेच राहिलो. दोन्ही विजेऱ्या विझविलेल्या होत्या. काळोखात चेहरे दिसत नाहीत, म्हणून काही गोष्टी बोलणे सोपे जाते; आमच्या प्रायश्चित्त संस्काराच्या कक्षातील जाळीचे प्रयोजनही तेच असावे. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला फार बोललो."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या तीन रविवारी मी दादाला शोधत होतो, फादर. पगार झाला की तो घरी यायचाच नाही. एकदा नालासोपाऱ्याला फलाटावर सापडला, एकदा विरारला. पहाटेपासून फिरायचो. आईला एकटीला कसं पाठवणार?"

"तू मला सांगितले का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत." त्याच्या स्वरात आरोप नव्हता. "तुम्ही विचारलंत ते हजेरीचं."

"आणि आता दादा?"

"आता घरीच असतो. पोटात पाणी झालंय. कुठं जायची ताकद राहिली नाही." मग उठून तो म्हणाला, "चला फादर, पाच मिनिटं झाली."

पुढची चढण मी कशी चढलो ते मला नीट आठवत नाही. माथ्याजवळ कडा येतो आणि तेथे लोखंडी शिडी आहे. शिडीपाशी मुले माझी वाट पाहत होती. तो खालून म्हणाला, "खाली बघू नका. हात सोडण्याआधी पाय नक्की करा." मी तसे केले. मध्यरात्र उलटून गेल्यावर आम्ही महादरवाजाजवळच्या जुन्या देवड्यांत पोहोचलो आणि चादरी अंथरल्या. मुले पाच मिनिटांत झोपली. मला झोप आली नाही. एलिया होरेबच्या गुहेत रात्री राहिला तेव्हा देव त्याला वादळात, भूकंपात, अग्नीत सापडला नाही, तर मंद वाणीत सापडला, हे मी किती वेळा समजावून सांगितले आहे! मला त्या रात्री एक साधे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते : तुम्ही विचारलं नाहीत.

सेमिनरीत शिकलेली आणि नजरेआड झालेली काही पाने त्या जागरणात मला आठवली. उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव याकोबाला आपल्याबरोबर चालण्याचा आग्रह करतो, तेव्हा याकोब नकार देतो. मुले कोवळी आहेत, गुरे दुभती आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन, असे तो सांगतो. गणनेच्या पुस्तकात मिर्याम प्रत्यक्ष मोशेविरुद्ध बोलते, तिला कोड फुटते आणि सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवावे लागते. चूक तिची होती. तरीही ती परत येईपर्यंत लोकांनी तळ हलविला नाही. वचनदत्त देशाच्या वाटेवर निघालेली एक संपूर्ण प्रजा एका स्त्रीसाठी सात दिवस थांबली! त्याच पुस्तकात तळ हलविण्याचा क्रम दिला आहे आणि सर्व छावण्यांच्या पिछाडीला दान वंशाचे निशाण नेमले आहे. पुढे कोण चालले ते आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. मागे कोण चालले, हे कोणी विचारले नव्हते.

पहाटे बाहेर आलो. पूर्वेला चंद्राची बारीक कोर उगवली होती. उजाडत गेले तसे खालचे रान दिसू लागले. हे रान आपण रात्री पायांखाली घातले यावर विश्वास बसेना. दूर तानसा तलावाचे पाणी उजळले. १८९२ पासून हे पाणी मुंबईची तहान भागवीत आले आहे. एका सपाट खडकावर आम्ही मिस्साची तयारी केली. वाटाड्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "देवाचं करायला कोण नाही म्हणतंय?" तो थोड्या अंतरावर उकिडवा बसून राहिला.

मिस्साच्या आरंभी आपण सारे देवापुढे आणि बंधुभगिनींपुढे आपले अपराध कबूल करतो. ती प्रार्थना म्हणण्यापूर्वी मी थांबलो. सर्वांसमक्ष केलेल्या अन्यायाची क्षमा काळोखात मागून भागत नाही, असे मला वाटले. मी मुलांना सांगितले की, दीड वर्षापूर्वीच्या बैठकीत मी एकाला काही न विचारता दोषी ठरविले होते. बैठकीतले बहुतेक जण येथे आहेत, म्हणून येथेच मी त्याची क्षमा मागतो. त्याच्या घरची हकीकत मी सांगितली नाही. ती सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. कोणी काही बोलले नाही. तो तलावाकडे पाहत होता. मिस्सानंतर आम्ही राष्ट्रगीत म्हटले, सुकेळी वाटून खाल्ली आणि सामान आवरू लागलो. तेव्हा तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "फादर, उतरताना गुडघे जास्त दुखतील. काठी घ्या." त्याने कारवीची एक वाळकी काठी माझ्या हाती दिली. त्याहून अधिक उत्तर मी मागितले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी त्या उघड्या दारातून आत गेलो. आईने खुर्ची पुढे केली. दादा खाटेवर होता. वयाने माझ्याहून कितीतरी लहान आणि दिसायला माझ्याहून म्हातारा. पहिल्या भेटीत तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या भेटीत त्याने, गडावर किती पायऱ्या आहेत, असे विचारले. धाकट्याने माझी फजिती सांगितली असावी. नंतर त्याने पापनिवेदन केले आणि ख्रिस्तशरीर स्वीकारले. जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या आठवड्यात, तो गेला. माहुलीला गेलो नसतो, तर त्याची आणि माझी पहिली भेट दफनाच्या दिवशी झाली असती. हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो; कारण अशी उघडी दारे त्या एकाच वाटेवर नव्हती.

वाचक विचारतील, तो तरुण वर्ग घेण्यास परत आला का? नाही आला. काही जखमा क्षमा मागितल्याने भरतात, पण पूर्वीची जागा परत मिळत नाही. रविवारच्या मिस्साला मात्र तो मागच्या बाकावर दिसू लागला. पुढे माझी बदली झाली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या आपल्या प्रबोधनात महागुरूंविषयी लिहिले आहे की, त्यांनी कधी लोकांच्या पुढे चालावे, कधी त्यांच्यामध्ये, तर कधी मागे पडलेल्यांना सोबत करण्यासाठी सर्वांच्या मागून. ते मी त्या वेळीच वाचले होते, अधोरेखितही केले होते. परंतु समजले ते माहुलीच्या चढावर.

आपल्या मिस्साच्या प्रवेशयात्रेत सर्वांत पुढे धूपदान किंवा क्रूस असतो, मग सेवक मुले, वाचक, आणि मुख्य धर्मगुरू सर्वांत शेवटी येतो. इतकी वर्षे मी त्याला मानाची जागा समजत होतो. आता दर रविवारी चर्चच्या दारात त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो, तेव्हा मला ती बावीस क्रमांकाची जागा वाटते. गाणे सुरू होते, क्रूस पुढे सरकतो. मी पाऊल उचलण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहतो. कोणी ना कोणी उशिरा आलेला असतो. चपला काढीत, धापा टाकीत, आत यावे की न यावे अशा संकोचात. मी त्याला आधी आत जाऊ देतो.